दहाच्या आकड्यानं सुरू होणारे मेसेज

दुर्गेश्वरीला भावाची पहिली थप्पड बसली तेव्हा ती चुलीवरून भाताचा गंज उतरवत होती. गंज हातातून सुटला, उकळती पेज उजव्या पायावर सांडली आणि काय झालं हे कळायच्या आत दुसरी बसली.

"दहा वाजता कुठं भेटते तो तुले?" धनेंद्र ओरडला. त्याच्या हातात तिचा मोबाइल होता. "रोज दहा! हरेक मेसेजमध्ये दहा! मले वाचता नाही येत का?"

घरात ते पोवारी, म्हणजे त्यांच्या समाजाची बोली, बोलायचे. पण धनेंद्र चिडला की दुकानातल्या बोलीवर यायचा, आणि मग सगळेच त्या बोलीत यायचे. कोहमाऱ्याच्या चौकात त्याचं कृषी केंद्र होतं आणि गिऱ्हाइकांवर ओरडायची त्याला सवय होती.

दुर्गेश्वरीला क्षणभर काही उमगलंच नाही. मग तिनं स्क्रीनकडे पाहिलं. मेश्राम सरांचे मेसेज होते. वरपासून खालपर्यंत प्रत्येक मेसेज दहाच्या आकड्यानं सुरू होत होता. दहा, टिंब, चार-पाच आकडे, तिरकी रेघ, मग काही अक्षरं आणि पुन्हा आकडे, त्याखाली निळी लिंक.

"भाऊ, तो डीओआय हाय," ती पाय धरून खाली बसत म्हणाली. "माणसाचा आधार नंबर राहते ना, तसा संशोधनाच्या लेखाचा नंबर. दुनियेतल्या सगळ्या लेखांचा नंबर दहापासूनच सुरू होते."

"अन् हे? दोन हजार एकोणीस, पाच, बारा. ही तारीख नाही का?"

"लेख छापला ते वर्ष हाय ते. तू खालच्या लिंकवर बोट ठेव, लेख आपोआप उघडते."

धनेंद्रनं बोट ठेवलं नाही. त्यानं कमरेचा पट्टा काढला.

आई, गिरजा, दारात उभी होती. ती मध्ये पडली, पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच. "तोंडावर नको मारू गा. आइतवारी पाहुणे येणार हायेत."

मग त्यानं तोंडावर मारलं नाही. पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर मारलं. वडील मुन्नालाल अंगणात खाटेवर बसले होते. पहिले काही फटके त्यांनी ऐकले, मग उठून बैलांना वैरण टाकायला गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. पट्ट्याचं बक्कल तिच्या खांद्यात रुतलं तेव्हा दुर्गेश्वरी इतक्या जोरानं किंचाळली की शेजारची माणसं कुंपणापाशी येऊन उभी राहिली. कोणी आत आलं नाही. धनेंद्रनं तिला दंडाला धरून ओढत धान ठेवायच्या खोलीत ढकललं, बाहेरून कडी लावली आणि मोबाइल खिशात घालून निघून गेला.

कारण साधं होतं. जिल्ह्यातल्याच गोरेगावकडचं एक स्थळ सांगून आलं होतं. त्या लोकांपैकी एकानं आदल्या आठवड्यात धनेंद्रच्या दुकानात येऊन, चार गिऱ्हाइकांसमोर, हसत हसत विचारलं होतं, "पोरगी गोंदियाले कोणाजवळ बसते म्हणे?" धनेंद्रनं त्या वेळी हसून टाळलं. पण ते वाक्य त्याच्या डोक्यात कुसळासारखं अडकलं होतं.

दुर्गेश्वरी बसायची ती ग्रंथालयात. ती प्राणिशास्त्रात पीएच.डी. करत होती. धानावरचे किडे आणि त्या किड्यांना खाणारे कोळी, भुंगे, चतुर हा तिचा विषय. प्रबंध लिहून झाला होता, पण मार्गदर्शक बाईंनी शेवटी अट घातली होती. संदर्भसूचीतल्या ज्या ज्या लेखाला डीओआय आहे तो लावा, तपासा, मगच मी सही करीन. काही वर्षांच्या वाचनातून जमलेली ती सूची म्हणजे जंगल होतं. कुठे शीर्षक अर्धवट, कुठे वर्ष चुकलेलं, कुठे लेखकाचं नावच उलटं. दुर्गेश्वरीनं सुरुवातीला एकटीनं शोधून पाहिलं आणि फसली. सारख्या शीर्षकाचा भलताच लेख सूचीत आला. एका ठिकाणी तर लेखाऐवजी त्या लेखाच्या शुद्धिपत्राचा नंबर लागला.

तेव्हा महाविद्यालयाचे कंत्राटी ग्रंथपाल संघदीप मेश्राम यांनी तिला रीत दाखवली. पूर्ण शीर्षक टाकायचं, नंबर सापडला की तो उघडायचा आणि लेखक, वर्ष, खंड, पान असं सगळं जुळलं तरच घ्यायचा. ते अर्जुनी मोरगावहून रेल्वेनं यायचे. काउंटरवरचं काम सांभाळून मधल्या वेळात तिला मदत करायचे. ती मोबाइलवर संदर्भ पाठवायची, ते डीओआय पाठवायचे. ती त्यांना 'सर' लिहायची, ते तिला 'मॅडम'. एकदा गेटबाहेरच्या टपरीवर दोघांनी उभ्यानं चहा घेतला होता, तोही ग्रंथालयातली वीज गेली म्हणून. त्यांचं लग्न झालंय की नाही हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी संघदीपच्या मोबाइलवर तिच्या नंबरवरून मेसेज आला. 'कोहमाऱ्याला या. ते जुने लेख घेऊन या. अर्जंट.'

सुरुवातीला 'सर' नव्हतं, हे त्याला जाणवलं. घाईत असतील, असं त्यानं समजून घेतलं. सूचीतले काही लेख फार जुने होते, त्यांना डीओआय मिळालेलाच नव्हता. निदान वर्ष आणि पानं तरी पक्की व्हावीत म्हणून त्यानं बांधीव खंडांतून त्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या होत्या. त्या पिशवीत टाकून त्यानं अर्ध्या दिवसाची रजा घेतली आणि बस धरली. कोहमाऱ्याहून नवेगावमार्गे अर्जुनीला घरी जाता येईल, असाही त्याचा हिशेब होता.

चौकात तो उतरला तेव्हा धनेंद्र पिकअपजवळ उभा होता. सोबत गाडी चालवणारा उमेंद्र आणि आणखी दोघं.

"मेश्राम सर ना? मी दुर्गेश्वरीचा भाऊ. बसा, ती तिकडं थांबली हाय," धनेंद्र आदबीनं म्हणाला.

संघदीप बसला. गाडी हायवेवर थोडं अंतर गेली आणि एका बंद पडलेल्या ढाब्याच्या मागे वळली. तिथे तुटक्या खाटा आणि टायरांचा ढीग होता. दुर्गेश्वरी कुठेच दिसत नव्हती. संघदीप उतरला आणि काही विचारणार तोच मागून कोणीतरी त्याच्या गुडघ्याच्या लवणीत लाथ घातली. तो तोंडावर पडला.

धनेंद्रनं त्याचे केस धरून डोकं वर उचललं आणि तिचा मोबाइल त्याच्या डोळ्यांसमोर धरला. "वाच. काय लिहिलं हाय याच्यात?"

"हे डीओआय आहेत. लेखांचे नंबर."

बुटाची ठोकर बरगडीत बसली. संघदीपचा श्वासच अडकला.

"दोघांनी एकच गोष्ट पाठ करून ठेवली, नाही का?" धनेंद्र मित्रांकडे पाहून म्हणाला. मग खाली वाकला. "मेश्राम म्हणजे कोण?"

त्याला ते माहीत होतं. तिथल्या सगळ्यांनाच माहीत होतं.

"मेश्राम म्हणजे मेश्राम," संघदीप म्हणाला.

धनेंद्रनं गाडीतून चाकाचा पाना काढला. पहिला घाव संघदीपनं उजव्या हातावर झेलला आणि बोटांची हाडं मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. दुसरा जबड्यावर बसला. त्याच्या तोंडातून रक्त आणि दाताचा तुकडा एकदमच बाहेर पडला. पिशवी फाटून झेरॉक्सचे कागद टायरांमध्ये उडाले. धनेंद्र जात काढून शिव्या देत होता. वाक्य एक, घाव एक, अशी त्याला लयच सापडली होती. "आमच्या घरच्या पोरीवर नजर टाकते?" घाव. "दहा वाजता बोलावते?" घाव. बाकीच्या दोघांनी संघदीपचे पाय दाबून धरले होते.

"उघडून... पाहा," संघदीप तुटक्या जबड्यानं कसंबसं म्हणाला. "एक तरी... उघडून पाहा."

मोबाइल जमिनीवर पडला होता. उमेंद्रनं तो उचलला आणि स्क्रीनवरच्या एका निळ्या ओळीवर बोट ठेवलं. पान हळूहळू उघडलं. इंग्रजी मजकूर आला, त्याखाली मोठं रंगीत चित्र आलं. धानाच्या बुंध्याला चिकटलेला तपकिरी तुडतुडा.

"भाऊ," उमेंद्र म्हणाला, "हा त तुडतुडा हाय. आपल्या दुकानातल्या डब्ब्यावर हायेच ना, तोच." त्यानं दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. खोडकिड्याची अळी उघडली. तिसरीवर कोळी. "किड्यांचंच हाय सगळं."

पाय धरणाऱ्यांचे हात सैल झाले. धनेंद्रनं मोबाइल घेऊन ते चित्र पाहिलं. हा किडा ओळखायला त्याला इंग्रजीची गरज नव्हती. तुडतुड्याचं औषध तो हंगामभर विकायचा. ते चित्र तो रोज पाहायचा. हायवेवरून एक ट्रक गेला. संघदीपला वाटलं, संपलं. तो कोपरावर उठू लागला आणि डावा हात चष्म्यासाठी जमिनीवर चाचपडू लागला.

धनेंद्रनं मित्रांकडे पाहिलं. ते त्याच्याकडेच पाहत होते, आता हा काय करतो म्हणून.

"त काय झालं?" तो म्हणाला.

आणि पाना उचलून त्यानं संघदीपच्या तोंडावर मारला. या वेळी घाव डाव्या डोळ्यावर बसला. त्यानंतर तो थांबलाच नाही. आधी तो ओरडून ओरडून मारत होता, आता मुकाट्यानं मारत होता. उमेंद्र मागे मागे सरकत गाडीपर्यंत गेला. शेवटी पलीकडच्या चालू ढाब्यावरचा आचारी झारा घेऊन "मर जाएगा वो! छोडो!" असं ओरडत धावत आला, त्याच्यामागे दोन ट्रकवाले आले, तेव्हा ते चौघं गाडीत बसून पळाले.

धनेंद्र घरी पोचला तेव्हा गिरजा अंगणात उखळात मिरच्या कुटत होती. आइतवारच्या पाहुण्यांसाठी तिनं दुर्गेश्वरीला बाहेर काढून न्हाऊ घातलं होतं. ती ओल्या केसांनी ओसरीवर बसली होती, भाजलेला पाय पुढे करून. भावाच्या शर्टावर रक्त पाहून ती उभी राहिली.

धनेंद्रनं मोबाइल तिच्या अंगावर फेकला. "घे तुझे किडे."

किडे हा शब्द ऐकून तिनं मोबाइल उघडला आणि तिच्याच नावानं सरांना गेलेला मेसेज वाचला, 'कोहमाऱ्याला या.' "तू उघडून पाहिलं?"

"पाहिलं."

"कवा? मारायच्या आधी का मागून?"

तो रांजणाशी जाऊन हात धुऊ लागला. पाणी लाल होऊन अंगणातल्या मातीत मुरत होतं.

"भाऊ, कवा पाहिलं?"

"मधात पाहिलं!" तो वळून ओरडला. "मग काय करू? चार लोकांसमोर हात जोडू त्याले? माफ करा साहेब म्हणू? त्याले?"

दुर्गेश्वरीनं आईच्या हातातलं मुसळ ओढून घेतलं. मिरच्यांची पूड उडाली. धनेंद्र पुन्हा रांजणाकडे वळून पाठमोरा झाला होता. तिनं सगळ्या जोरानं ते मुसळ त्याच्या गुडघ्यावर आडवं हाणलं. तो कोसळला. तिनं पुन्हा मारलं, त्याच गुडघ्यावर. वाटी फुटली तसा कडकन आवाज आला आणि धनेंद्र जनावरासारखा ओरडला. तिसऱ्यांदा तिनं मुसळ डोक्याच्या रोखानं उचललं होतं. गिरजानं मागून तिचे ओले केस धरून तिला आडवी केली म्हणून तो घाव जमिनीवर पडला. माय-लेकी त्या लाल पुडीत लोळत होत्या, दोघींच्या डोळ्यांत तिखट गेलं होतं, दोघी खोकत होत्या, आणि मुन्नालाल गोठ्याच्या दारात उभे राहून म्हणत होते, "बस करा, बस करा ना बाप्पा."

दुर्गेश्वरीनं आईचे हात सोडवले, मोबाइल उचलला आणि अनवाणी बाहेर पडली. गावाच्या फाट्यावर तिला काळीपिवळी जीप मिळाली. तिचा अवतार पाहून आतल्या बायांनी आपोआप जागा करून दिली.

पोलीस ठाण्यात हवालदारानं आधी पाणी दिलं, मग म्हणाला, "घरचं प्रकरण आहे, ताई. समजुतीनं घ्या. तो जखमी गोंदियाला पाठवलाय, शुद्धीवर आला की पाहू."

"दोन तक्रारी लिहा," दुर्गेश्वरी म्हणाली. "एक, भावानं मला कोंडून मारलं आणि माझ्या मोबाइलवरून मेश्राम सरांना बोलावून मारलं. दुसरी, मी भावाचा गुडघा फोडला. दोन्ही मीच सांगते."

"दुसरी कशाला सांगता?"

"ती तो सांगणारच आहे. त्याच्या आधी मी सांगते."

संध्याकाळी ती गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात गेली. वॉर्डाच्या दारात संघदीपची बहीण रीना उभी होती. त्याला नागपूरला हलवायची तयारी चालली होती. दुर्गेश्वरीनं नाव सांगितलं तशी रीना पुढे आली, इतकी जवळ की तिचा श्वास लागत होता.

"आता कायले आली?" रीना म्हणाली. "दुसरा डोळा पाहाले?"

दुर्गेश्वरी परत फिरली. त्या दिवसापासून ती गावी राहायला गेली नाही.

संघदीपचा डावा डोळा गेला. उजव्या हाताची बोटं जुळली, पण वाकडी. धनेंद्रवर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला, आणि मग मार दोन्हीकडे पसरला. अर्जुनीला संघदीपच्या घरावर दगड पडले. एक दगड कौल फोडून आत आला आणि आई अन्नपूर्णाच्या डोक्यात बसला. त्या माउलीला टाके पडले. काही दिवसांनी कोहमाऱ्याच्या कृषी केंद्राला कोणीतरी आग लावली. औषधांचे डबे फुटले, चौकभर विषारी धूर पसरला, पाणी मारणाऱ्या दोन माणसांना दवाखान्यात न्यावं लागलं. पोलिसांनी संघदीपच्या वस्तीतली तरणी पोरं उचलली आणि आग कोणी लावली हे कळायच्या आधीच त्यांना झोडपलं. संघदीपचे वडील हिरालाल ठाण्याच्या पायरीवर बसून होते. सुटून येणाऱ्या प्रत्येक पोराची पाठ ते शर्ट वर करून पाहत होते.

दुर्गेश्वरी गोंदियात मुलींच्या वसतिगृहात राहिली. काका टिकाराम तिथे येऊन बसले. ते गावात शहाणे समजले जायचे.

"पोरी, त्याचा पाय कायमचा गेला. वाकतच नाही. तुझ्यावरही केस हाय. तू तुझा जबाब मागं घे, धनेंद्र तुझ्यावरची तक्रार मागं घेईल. बरोबरी झाली."

"कोणाची बरोबरी, काका? मेश्राम सरांचा डोळा यात कुठं बसते?"

"त्याचं सरकार पाहील."

"मी मारलं ते मी कबूल करणार हाये," ती म्हणाली. "माझ्याकडून मागं घ्यायचं काही राहिलंच नाही."

काकांनी जाताना तिच्यासाठी आणलेली लाह्यांची पिशवी परत उचलून नेली.

तिचा मोबाइल पोलिसांनी जप्त केला होता. संघदीपनं शोधून दिलेले डीओआय त्याच्यातच अडकले. तिनं ते वेळेवर प्रबंधात उतरवून घेतले नव्हते, शेवटी एकदम घालू म्हणून. आता पुन्हा पहिल्यापासून शोधायचे होते. ग्रंथालयात संघदीपची खुर्ची रिकामी होती. त्याचं कंत्राट वाढवलं गेलं नव्हतं. ती शेजारच्या संगणकावर बसायची. शीर्षक टाकायचं, नंबर उघडायचा, लेखक, वर्ष, खंड, पान. पहिल्या दिवशी तुडतुड्याचं चित्र उघडलं तेव्हा ती संगणक बंद करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तिथूनच सुरू केलं. ग्रंथालयात येणारी मुलं तिच्याकडे बोट दाखवायची. "वही है. भाई का पैर तोड़ी." कोणी कौतुकानं म्हणायचं, कोणी हसून. ती कानांत बोळे घालून बसायची. पाठीवरचे वळ मावळत गेले, सूची भरत गेली. ज्या जुन्या लेखांना डीओआय नव्हता ते तसेच ठेवले. मार्गदर्शक बाईंनी सूची पाहून सही केली. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवतेस ना नीट?"

प्रबंध दिल्यावर ती अर्जुनीला गेली. रीनानं दार उघडलं, तिला ओळखलं आणि आत गेली. संघदीप ओसरीत बसला होता. चष्म्याची एक काच काळी होती.

"प्रबंध दिला, सर," ती म्हणाली. "तुमचे आभार लिहिले आहेत."

"बरं." जबडा जुळल्यापासून त्याचे शब्द जरा घासून यायचे. "मॅडम, एक सांगतो. राग मानू नका. लोक येऊन मला सांगतात, तिनं तुझ्यासाठी सख्ख्या भावाला मारलं. त्यांना वाटतं मला बरं वाटेल. मला नाही वाटत. तुम्ही माझ्यासाठी मारलं म्हटलं की लोक म्हणतात, म्हणजे होतंच काहीतरी. मी मार खाल्ला तो काहीच नव्हतं म्हणून. तेवढंच माझ्याजवळ उरलंय. ते घालवू नका."

तिला हे असं कधी सुचलं नव्हतं.

"मी तुमच्यासाठी नाही मारलं," ती म्हणाली. "त्यानं माझ्या नावानं तुम्हाला बोलावलं. माझ्या नावानं. म्हणून मारलं."

संघदीपनं मान हलवली. "मग ठीक आहे. कोर्टात हेच सांगा."

तिनं हेच सांगितलं. बचावाच्या वकिलानं तिला बराच वेळ घोळवलं. "सहकाऱ्यासाठी कोणी सख्ख्या भावाला अपंग करतं का? आणि तरी तुम्ही म्हणता काही संबंध नव्हता?"

"मी माझ्यासाठी मारलं, साहेब. त्याची शिक्षा मी वेगळी घेणार आहे. आज तुम्ही त्यानं काय केलं ते विचारा."

माफीचा साक्षीदार झालेला उमेंद्र उभा राहिला तेव्हा आधी फिरला. आठवत नाही, अंधुक होतं, गर्दी होती, असं म्हणाला. सरकारी वकिलानं फक्त विचारलं, "मोबाइलमध्ये तू काय पाहिलंस?" उमेंद्रनं धनेंद्रकडे पाहिलं, मग समोरच्या बाकावर काळी काच लावून बसलेल्या संघदीपकडे पाहिलं आणि एकदम रडायलाच लागला. "तुडतुडा होता, साहेब. या दोघांनी पाय सोडून दिले होते. आम्हाले वाटलं आता झालं. भाऊनं पाहिलं अन् मग डोळ्यावर मारलं. पाहून मारलं, साहेब."

धनेंद्रला सात वर्षांची शिक्षा झाली, पाय धरणाऱ्या दोघांना त्याहून कमी. दुर्गेश्वरीच्या खटल्यात तिनं गुन्हा कबूल केला होता. तिला चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडलं, पण निकालात दोषी हा शब्द राहिला. डॉक्टरेट मिळूनही कोणत्या महाविद्यालयानं तिला घेतलं नाही. ती गोंदियातच एका शिकवणी वर्गात जीवशास्त्र शिकवू लागली.

धनेंद्रच्या निकालाच्या दिवशी ती कोर्टात होती. पोलिसांनी त्याला बाहेर आणलं तेव्हा तो काठी टेकत, ताठ पाय फेकत चालत होता. तिच्याजवळून जाताना त्यानं थुंकी टाकली. ती तिच्या चपलेवर पडली. त्याच्या मागून गिरजा आली. म्हातारी किती वाळली होती. ती लेकीसमोर थांबली आणि तिच्या थोबाडीत मारली. दुर्गेश्वरी हलली नाही. गिरजानं पुन्हा हात उचलला. तो हात मधेच कोणीतरी धरला. रीना होती.

"बस झालं, बाई," रीना म्हणाली. तिनं तो हात झटकला नाही. हळूच खाली आणून सोडला आणि भावाजवळ निघून गेली.

गिरजा तिथेच पायरीवर बसली. थोड्या वेळानं दुर्गेश्वरीही बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून. कोर्टासमोरचे ऑटोवाले स्टेशनचं गिऱ्हाईक ओरडत होते. मुन्नालाल रस्त्यापलीकडे पिशवी धरून उभे होते, इकडे यावं की नाही या विचारात.

"थंडीत त्याचा गुडघा लय ठणकते," गिरजा समोर पाहत म्हणाली. "घरी मी विटकर गरम करून शेकत होती. तिथं कोण शेकणार?"

दुर्गेश्वरीच्या गालावर पाच बोटं उमटली होती.

"मले नाही माहीत, माय," ती म्हणाली.